बक, बक-बास्केट आणि राखेचं पाणी

शेक्सपिअरच्या नाटकात 'बक-बास्केट' भेटते, जुन्या इंग्रजी घरांच्या सामानाच्या यादीत 'बकिंग टब' भेटतो, आणि तळटीप 'धुण्याची टोपली', 'धुण्याचं पिंप' असं सांगून मोकळी होते. तेवढ्यावर समाधान होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. हा 'बक' म्हणजे नर हरीण नव्हे आणि डॉलरही नव्हे. तो धुण्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द आहे, आणि नुसत्या 'धुण्या'पेक्षा बराच नेमका आहे: कपडे राखेच्या गरम खारपाण्याने, म्हणजे अल्कलीच्या पाण्याने, स्वच्छ करणं. गेल्या हिवाळ्यात तो कोशांमध्ये शोधला आणि उन्हाळ्यात त्या शब्दामागचं धुणं प्रत्यक्ष करून पाहिलं. कोणाला एखादा जुना कामाचा शब्द असा मुळापासून तपासायचा असेल, किंवा राखेत कपडे धुऊन पाहायचे असतील, तर उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जानेवारीत सुरुवात झाली ती ग्रंथालयाच्या कार्डापासून. मोठा ऑक्सफर्ड कोश ऑनलाइन पाहायला वर्गणी लागते, पण इंग्लंडमधल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासदांना तो घरबसल्या फुकट मिळतो. सभासदत्वालाही पैसे पडत नाहीत. अट एकच, पत्त्याचा पुरावा: कौन्सिल टॅक्सचं पत्र, बँकेचं पत्र किंवा वीजबिल, आणि तेही अलीकडचं. ऑनलाइन अर्ज केला की तात्पुरता क्रमांक लगेच येतो, पण आमच्याकडे तो संदर्भसेवेला चालला नाही. खरं कार्ड घ्यायला शाखेत जावं लागलं, आणि पिन सुरू व्हायला आणखी काही दिवस गेले. दरम्यान काम थांबवायचं कारण नाही. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश सगळ्यांना खुला आहे. बॉसवर्थ आणि टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे सगळ्यात जुन्या इंग्रजीचा, कोशही खुला आहे. जेम्स मरे यांनी संपादित केलेल्या जुन्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला खंड, ए आणि बी या अक्षरांचा, १८८८ सालचा, स्कॅन करून ठेवलेला आहे. 'बक'साठी हे तीन पुरेसे होतात.

शोधताना पहिली अडचण स्पेलिंगची. मध्ययुगीन कोशात 'बक' असं टाकलं तर हरीण आणि बोकड हाती लागतात. आपलं क्रियापद तिथे 'बूकेन' या रूपाखाली आहे, ओ आणि यू या जोडस्वराने लिहिलेलं. हा उच्चार पुढे आखडून 'बक' कसा झाला, याला जोड म्हणून पाण्यात बुडी मारण्याचा शब्द पाहावा. मध्ययुगीन 'डूकेन'चं आज 'डक' झालं आहे, तसंच 'बूकेन'चं 'बक'. काही बोलींमध्ये मात्र लांब स्वर टिकला आणि तिथे 'बाउक' म्हणत राहिले.

या शब्दाचा जुना आणि ठळक वापर विल्यम लँग्लंडच्या 'पीअर्स प्लाउमन' या दीर्घकाव्यात आहे, म्हणजे साधारण १३७७च्या सुमाराच्या पाठात. हॉकिन नावाच्या माणसाचा अंगरखा पापांच्या डागांनी मळला आहे. 'डूवेल' तो धुवेल आणि पिळेल, 'डूबेट' तो बडवील आणि 'बूकेन' करील, मग तो स्कार्लेट कापडासारखा झळकेल, असं त्याला सांगितलं जातं. चांगलं कर्म म्हणजे डूवेल, त्याहून चांगलं म्हणजे डूबेट. धुणं आणि बूकेन करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं वरच्या पायरीचं आहे, हे या ओळीत स्पष्ट दिसतं. तळटीपकारांनी एवढी एक ओळ नीट वाचली असती तरी 'बक म्हणजे धुणे' असं लिहिलं नसतं. (अंगरखा लोकरीचा असता तर त्या प्रक्रियेत त्याची वाट लागली असती, पण ती परटाची शंका झाली. कवीला ती पडत नाही.)

अँग्लो-सॅक्सन काळात मात्र हा शब्द लिहिलेला सापडत नाही. 'बूकियन' असं रूप असावं असा अंदाज कोशकार करतात आणि अंदाज म्हणून त्याला तारांकन लावतात. त्या काळाच्या कोशात धुण्यासाठी दोन क्रियापदं ठळकपणे दिसतात. एक 'वास्कन', ज्याचं आज 'वॉश' झालं, आणि जे 'वॉटर'च्याच कुळातलं आहे. दुसरं 'थ्वेआन', जे इंग्रजीतून पुसलं गेलं. त्याचं भावंड मात्र फ्रँकिश बोलीतून जुन्या फ्रेंचमध्ये 'तोआय' झालं आणि इंग्रजीत 'टॉवेल' म्हणून परत आलं. त्याच मुळाचा पोर्तुगीज 'तोआल्या' गोव्यात उतरला आणि कोंकणीत 'तुवालो' झाला. हिंदीतला 'तौलिया' तिथलाच. म्हणजे मेलेलं क्रियापद आपल्या न्हाणीघरात खुंटीला टांगलेलं आहे.

फेब्रुवारीत 'बक'चे नातेवाईक गोळा केले. यात वेळ बराच जातो, पण सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच. जर्मनमध्ये 'बॉइखेन' आहे आणि कापड गिरणीत सूत किंवा कापड अल्कलीत उकळण्याला तो शब्द अजून वापरतात. स्वीडिशमध्ये 'बूक' म्हणजे धुण्याचे कपडे, आणि घरची भानगड चारचौघांत मांडणाऱ्याला 'मळकं बूक लोकांसमोर धुऊ नकोस' म्हणतात. इटालियन 'बुकातो' आणि कातालान 'बुगादा' हे आजही घरच्या धुण्याचे रोजचे शब्द आहेत. फ्रेंचमध्ये 'ब्युए' होतं, म्हणजे राखेचं धुणं. ते आता खिडकीच्या काचेवर जमणाऱ्या वाफेचं नाव झालं आहे, आणि धुण्याच्या खोलीला 'ब्युआंद्री' म्हणतात. धुण्यावरून वाफेवर हा अर्थ कसा घसरला, ते कोश वाचून नुसतं मान्य करावं लागतं. मे महिन्यात आधणाचं पिंप समोर वाफाळू लागलं की त्यात समजून घ्यायचं काही उरत नाही. इटालियन, कातालान, फ्रेंच या रोमान्स भाषांनी हे शब्द जर्मन, स्वीडिश, इंग्रजी यांच्या जर्मेनिक कुळाकडून घेतले, याबद्दल कोशांचं एकमत आहे.

चुकीच्या वाटा कोणत्या, हेही सांगते. शोधपेटीत 'बकिंग' टाकलं की खाणीत खनिज फोडणं येतं, आडव्या झाडाचे ओंडके करणं येतं, घोड्याचं उसळणं येतं. हे सगळे वेगळे शब्द. 'बकव्हीट'मधलं 'बक' डच भाषेतल्या बीच वृक्षाच्या नावावरून आलं आहे आणि इथेच एक मोहक व्युत्पत्ती दबा धरून बसली आहे. बीचची राख धुण्याला उत्तम, म्हणून बीचवरून 'बक'! ती बऱ्याच ठिकाणी ठामपणे लिहिलेली दिसेल. पण बीचच्या मुळात दीर्घ 'ओ' आहे आणि 'बूकेन'च्या मुळात दीर्घ 'ऊ'. जुन्या जर्मेनिक भाषांत हे दोन स्वर असे एकमेकांची जागा घेत नाहीत. घडा किंवा पोट या अर्थाचा जुना शब्द 'बूक' स्वराने जुळतो, आणि 'बकेट'चं मूळही तिकडेच दाखवतात, पण भांड्यावरून क्रिया आली असं ठरवण्याइतका पुरावा कोशांनी मानलेला नाही. व्युत्पत्ती तपासताना आधी स्वर पाहावा आणि अर्थ नंतर. अर्थ कशालाही जुळवता येतो.

मार्चमध्ये शेक्सपिअर. 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर' १६०२मध्ये छापलं गेलं, आणि त्याचा भरभक्कम पाठ १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित ग्रंथात, आहे. वाचायचा तो दुसरा. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात फॉल्स्टाफला, म्हणजे मिसेस फोर्ड आणि मिसेस पेज या दोन विवाहित बायकांच्या मागे लागलेल्या जाड्या सरदाराला, टोपलीत लपवायचं ठरतं तेव्हा मिसेस पेज म्हणते की त्याच्यावर मळके कपडे टाका, बकिंगला चालल्यासारखे, नाहीतर हा पांढरं करण्याचा हंगामच आहे, दोन गड्यांबरोबर डॅचेटच्या कुरणावर पाठवून द्या. बकिंग ही घरातल्या पिंपाची पायरी आणि पांढरं करणं ही कुरणातली, दोन्ही या एका वाक्यात येतात. डॅचेटला जे लोक हे काम करायचे त्यांना 'व्हिट्स्टर' म्हणत, म्हणजे कापड गवतावर पसरून पांढरं करणारे. 'व्हिट्स्टर म्हणजे धोबी' अशी सोपी टीप असलेली आवृत्ती बाजूला ठेवा. थोड्या वेळाने मिसेस फोर्डचा संशयी नवरा 'बक, बक, बक' असा आक्रोश करतो तेव्हा त्याच्या डोक्यात शिंगांचा बक आहे, कारण ज्याची बायको फसवते त्याला शिंगं फुटतात अशी तिथली थट्टा होती. कोटी साधली जाते, कारण प्रेक्षकांतल्या प्रत्येकाच्या घरी दुसरा बक माहीत होता. 'हेन्री द सिक्स्थ'च्या दुसऱ्या भागात जॅक केड या बंडखोर पुढाऱ्याच्या बायकोबद्दल कुजकट शेरा आहे की ती आता घरीच 'बक्स' धुते. इथे बक हे नाम आहे: पिंपात एका वेळी चढवलेल्या कपड्यांचा घाणा. तेव्हा क्रिया, खार आणि घाणा असे तीनही अर्थ या एकाच शब्दाला आहेत. संदर्भ पाहून कोणता ते ठरवायचं.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे. कृतीसाठी सगळ्यात भरवशाचा माणूस गर्व्हेज मार्कम. त्याच्या १६१५च्या 'इंग्लिश हाउसवाइफ'मध्ये सूत पांढरं करण्याचा भाग आहे आणि त्यात हे पाऊल पाऊल सांगितलं आहे. पिंपाच्या बुडाशी भोक आणि त्याला गुडदी. आत सूत, वर कापड, कापडावर राख. कोमट पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी गुडदी काढून पाणी खाली काढायचं, चुलीवरचं गरम पाणी वरून भरायचं, आणि खाली आलेलं पाणी परत चुलीवर चढवायचं. पाणी प्रत्येक फेरीला आणखी गरम करत न्यायचं, उकळी येईपर्यंत, आणि मग उकळत्या खारपाण्याने किमान चार तास हा फेरा चालू ठेवायचा. याला तो 'ड्रायव्हिंग ऑफ अ बक' म्हणतो, म्हणजे बक हाकणं. कपडे चोळायचे नाहीत, साबण नाही. पाणी हाकायचं, एवढंच काम. मळ काढतो तो उष्णता, खार आणि वेळ यांचा फेरा. बक आणि वॉश यांत नेमका हाच फरक आहे.

एप्रिलभर राख जमवली. लाकडाची राख म्हणजे मुख्यतः चुन्याचा कार्बोनेट. पाण्यात उतरणारा पोटॅशियम कार्बोनेट त्यात दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि सगळं काम त्याचंच. लाकूड जळून राख उरते वजनाच्या एक टक्का किंवा त्याहूनही कमी. दोन किलो राख हवी तर दोनशे किलोहून जास्त सरपण जळायला हवं. मोठं धुणं वर्षातून मोजक्याच वेळा का निघत असे आणि राख वर्षभर कोरड्या पिंपात झाकून का ठेवत, हे या हिशेबातून कळतं. सतराव्या शतकाच्या शेवटी घोड्यावरून इंग्लंड पाहणाऱ्या सीलिया फाइन्स यांनी स्टॅफर्डशरमध्ये नेचे जाळून राखेचे गोळे करून विकताना पाहिले होते. राखेलाही बाजारभाव होता.

आम्ही वेस्ट यॉर्कशरमध्ये राहतो. शेजाऱ्यांकडे लाकडाची शेगडी आहे, तिथून राख मिळाली. मागताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: दगडी कोळसा किंवा त्याच्या विटा कधी टाकल्या का, रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड जाळलं का, आणि खिळे असलेल्या फळ्या जाळल्या का. पहिल्या दोनमुळे राख वापरायच्या लायकीची राहत नाही. तिसऱ्याचा त्रास उशिरा कळतो, कारण लोखंडाचा कण गंजून लिननवर तपकिरी ठिपका सोडतो आणि तो बकने निघत नाही. म्हणून राख बारीक चाळणीने चाळावी आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवावा. १ मे २०२१पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकायचं तर आर्द्रता २० टक्क्यांच्या आत लागते आणि पिशवीवर तसा शिक्का असतो. अशा पिशवीतलं लाकूड जाळणाऱ्याची राख सहसा स्वच्छ निघते. महाराष्ट्रात करणाऱ्यांना चुलीची राख सहज मिळेल. फक्त शेणी आणि प्लास्टिक त्यात नसावं.

भांडं म्हणून लाकडी पिंप मिळालं तर उत्तम, पण नवं पिंप महाग आणि जुनं गळकं. घरी बिअर गाळणाऱ्यांचं तीस लिटरचं तोटीवालं स्टीलचं पातेलं जुन्या बाजारात ४५ पाउंडांना मिळालं. ॲल्युमिनियमचं भांडं मुळीच नको, खार त्याला खातो. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. दोन जुन्या लिनन चादरी आणि काही रुमाल १२ पाउंड, पीएच तपासायच्या पट्ट्या ६, राखेखाली घालायला मांजरपाटासारखं जाड कोरं सुती कापड ५. रबरी हातमोजे आणि डोळ्यांचा चश्मा घरात होता, नसेल तर विकत घ्यावा. गरम खारपाणी डोळ्यात गेलं तर गंमत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात घाणा लावला. आदल्या रात्री कपडे थंड पाण्यात भिजवले. ही पायरी टाळू नये. रक्त, दूध, अंडं यांचे डाग थंड पाण्यात सैल होतात आणि गरम पाण्यात पक्के बसतात. मार्कमही कोमटपासूनच सुरुवात करायला सांगतो. सकाळी पिळून, घडी करून भरले. तळाशी तोटीसमोर साल काढलेल्या काठ्यांची जाळी टाकली, नाहीतर पहिल्याच फेरीला कापड तोटीत बसतं आणि पाणी अडतं. सगळ्यात मळके कपडे खाली, कारण पाणी वरून खाली जातं आणि मळक्यातून निघालेलं पाणी स्वच्छ कपड्यांवरून जायला नको. भरताना दाबून, पण सगळीकडे सारखं दाबून भरायचं. एका बाजूला पोकळी राहिली की पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीचे कपडे जवळपास कोरडे राहतात. नवख्यांचे घाणे बहुतेक इथे फसतात: धुऊन झाल्यावर चादरीवर स्वच्छ आणि मळके पट्टे दिसतात.

तीन किलो कोरड्या कपड्यांवर दोन किलो चाळलेली राख घेतली, म्हणजे साधारण चार लिटर. कपड्यांवर मांजरपाट दुहेरी पसरलं, कडा पातेल्याबाहेर सोडून चिमट्यांनी पकडल्या, आणि राख त्यावर ओतून सपाट केली. पाणी सगळं मिळून अठरा लिटर. पहिली फेरी ३५ अंशाची. ओतताना धार एकाच जागी सोडली तर राखेत खड्डा पडतो, म्हणून डावाने सगळीकडे शिंपडत ओतलं. तोटी इतकीच उघडायची की पेन्सिलीएवढी धार पडेल. पहिलं पाणी पिवळसर चहासारखं येतं आणि बोटांत घेतलं तर किंचित बुळबुळीत लागतं. पट्टी ११च्या आसपास दाखवते. तेवढं पुरे. खारात अंडं तरंगलं पाहिजे, असा सल्ला जो फिरतो तो साबण करण्याच्या खारासाठी आहे. त्या ताकदीचं पाणी कपड्यांना नको आणि हातांना तर मुळीच नको. राखेत चुना मिसळायचाही सल्ला मिळेल. चुन्याने पोटॅशियम कार्बोनेटचं दाहक हायड्रॉक्साइड होतं, मळ लवकर निघतो आणि धागाही लवकर कमकुवत होतो.

मग दिवसभर तेच: खालचं पाणी चुलीवर, दहा-दहा अंशांनी वाढवत वर. दुपारपर्यंत ६५-७० अंश. त्या सुमाराला पाण्याचा रंग एकदम गडद होतो आणि वास बदलतो, जुन्या तेलाचा, माणसांच्या अंगाचा. चादरींतलं चरबीचं आम्ल खाराशी जुळून तिथल्या तिथे साबण होत असतं आणि थोडा फेसही येतो. बाहेरून एक थेंब साबण घातलेला नसतो. शेवटचे काही तास पाणी उकळीच्या जवळ ठेवलं. हे कंटाळवाणं काम आहे, आणि पातेलं सोडून जाता येत नाही. दोन माणसं लागतात, कारण कढत पाण्याचं भांडं एकट्याने उंच उचलून ओतणं धोक्याचं. जुन्या चित्रांत पिंप तिवईवर का ठेवलेलं असतं आणि खाली दुसरं पिंप का असतं, ते पाठीला समजतं.

आपल्याकडच्या परीट भट्टीशी याचं साम्य आहे. परीट कपडे सज्जीच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून रात्रभर वाफेवर ठेवत. तिथे खार कपड्यात आधीच मुरलेला असतो आणि वाफ खालून वर जाते. इथे खार वरून खाली झिरपतो. दोन्हींत एक नियम सारखा: फक्त सुती आणि लिनन. रेशीम आणि लोकर हे प्राण्यांचे धागे, गरम खार त्यांना विरघळवू लागतो. पैठणी, शाल, घोंगडं यांना रिठाच बरा. रंगीत कपडेही नकोत. बकचे कपडे पांढरे असत, तो हौसेचा भाग नव्हता.

रात्रभर घाणा झाकून तसाच ठेवला. सकाळी आधी मांजरपाटाच्या चारही कडा एकत्र धरून राखेचं गाठोडं सरळ वर उचललं. ते तिरकं झालं तर काळा साका कपड्यांवर सांडतो आणि खळबळायचं काम दुप्पट होतं. मग वाहत्या पाण्यात खळबळणं आणि लाकडी बडवण्याने बडवणं, पाणी नितळ येईपर्यंत. आमच्याकडचं पाणी पेनाइन डोंगरातल्या जलाशयांतून येतं, मृदू आहे. लंडनसारख्या जड पाण्याच्या ठिकाणी राखेतला काही खार पाण्यातल्या चुन्याशी झुंजण्यातच संपतो, तिथे राख थोडी वाढवावी. शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. खार कापडात राहिला तर इस्त्री करताना ते पिवळं पडतं.

चादरी या टप्प्यावर स्वच्छ होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या. फिकट बिस्किटी रंग. इथे पुष्कळांना वाटतं की बक फसला. तो फसलेला नसतो. त्याचं काम मळ आणि तेलकटपणा काढण्याचं. पांढरं करणं हे ऊन आणि गवताचं काम, म्हणजे मिसेस पेजच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग. जूनमध्ये यॉर्कशरला दिवस जवळपास १७ तासांचा असतो. चादरी हिरवळीवर पसरून कोपऱ्यांना खुंट्या मारल्या आणि वाळल्या की झारीने पाणी शिंपडलं. कापड ओलं असतानाच उन्हात रंग उडतो, कोरडं पडलं की प्रगती थांबते. रात्री उचलल्या नाहीत, दवाचा उपयोग होतो. काळजी घ्यायची ती पक्ष्यांची, गोगलगायींची आणि आदल्या दिवशी कापलेल्या गवताची. ताज्या कापलेल्या गवताचा हिरवा डाग निघता निघत नाही. आठवड्याभरात फरक डोळ्यांना दिसला, आणि दुसरा सौम्य घाणा देऊन परत पसरल्यावर रुमाल खरोखर पांढरे झाले. चादरींच्या मधल्या जुन्या पिवळ्या घड्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत.

व्यापारी विरंजनात, म्हणजे कापड पांढरं करण्याच्या धंद्यात, हाच क्रम, खार आणि गवत, खार आणि गवत, मग आंबट ताकात बुडवणं, परत खार, कित्येक महिने चाले. १७५६ साली एडिंबरोचे वैद्य फ्रान्सिस होम यांनी ताकाऐवजी पातळ केलेलं गंधकाम्ल वापरायचं सुचवलं आणि दिवसांचं आंबवणं तासांवर आलं. १७८५मध्ये बर्थोले यांनी क्लोरीनने कापड पांढरं होतं हे दाखवलं, १७९९मध्ये चार्ल्स टेनंट यांनी विरंजक चूर्णाचं पेटंट घेतलं, आणि गवताची गरज संपली. घरातला बक मारला तो दगडी कोळशाने. शेगडीत लाकडाऐवजी कोळसा आला, आणि कोळशाच्या राखेत धुण्याजोगा खार नसतो. मग दुकानातला स्वस्त धुण्याचा सोडा आला. शब्द बोलीभाषांत मागे राहिला आणि तिथे तो जोसेफ राइट यांच्या बोलीकोशात, १८९८ ते १९०५च्या सहा खंडांत, नोंदला गेला. हे राइट लहानपणी आमच्या जवळच्या सॉल्टेअरच्या गिरणीत बॉबिन बदलण्याचं काम करत आणि वाचायला पंधराव्या वर्षी शिकले. त्यांचा कोशही ऑनलाइन खुला आहे. ऑक्सफर्ड कोशात काम झाल्यावर तो जरूर उघडावा, कारण वस्तू कोणत्या परगण्यात कोणत्या नावाने होती ते तिथे कळतं.

खर्चाची बेरीज सत्तर पाउंडांच्या आत राहिली आणि त्यातलं पातेलं परत विकता येतं. वापरलेलं खारपाणी थंड करून, भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडावं, झाडांना घालू नये. गाठोड्यातली धुतलेली राख कंपोस्टमध्ये थोडी थोडी चालते, पण तिच्यात चुना तसाच असतो. अझेलिया, रोडोडेंड्रॉन, ब्लूबेरी यांच्या आसपास ती टाकू नये, पानं पिवळी पडतात.